मावळ्याचं नाव काय?

फेब्रुवारीचा तिसरा आठवडा आला की इन्स्टाग्रामवर एक फोटो हमखास फिरू लागतो. माणसं बदलतात, फोटो तोच. एक तरुण पोरगा, डोक्याला मुंडासं, कपाळावर चंद्रकोर, एका हातात ढाल, दुसरा हात कट्यारीच्या मुठीवर. मागे धूसर बुरूज. सगळ्यावर तपकिरी-पिवळट रंग, कडा करपल्यासारख्या, मधेच दोन-चार खोटे ओरखडे. कुणाच्या तरी पणजोबांच्या ट्रंकेत दीडशे वर्षं पडून होता असं वाटावं, असा. कोपऱ्यात फोटोग्राफरचा वॉटरमार्क, खाली ‘मावळा’, ‘स्वराज्य’, ‘विंटेज’ अशा हॅशटॅगची माळ. ज्या पोराचा चेहरा आहे त्याचं नाव मात्र कुठेच नसतं.

माझं भांडण या शेवटच्या गोष्टीशी आहे. वेश करण्याशी नाही, शिवजयंतीशी तर नाहीच नाही. ऐतिहासिक वेशातल्या माणसाचा जुन्या पोर्ट्रेटसारखा फोटो काढणं ही चांगली कला होऊ शकते. पण आज आपल्याकडे ती जशी चाललीय, त्यात जुन्या फोटोचा रंग तेवढा उचलला जातो. ज्याच्यासाठी घरात जुना फोटो जपला जायचा, तो समोर बसलेला माणूस टाकून दिला जातो.

आधी रंगाचं बघू. महाराजांचं निधन १६८० साली झालं. फोटोग्राफी जगापुढे आली १८३९ साली. मधे १५९ वर्षं. म्हणजे ‘मावळ्याचा जुना फोटो’ ही वस्तू कधी असूच शकत नव्हती. हे फोटो काढणाऱ्याला माहीत असतं, लाईक करणाऱ्यालाही माहीत असतं. मग तो तपकिरी रंग हवा कशाला? कारण त्या रंगाला पुराव्याचं वजन आहे. चित्र बघताना आपण म्हणतो, ही चित्रकाराची कल्पना. सिनेमा बघताना म्हणतो, हा नट. जुना फोटो दिसला की मन लगेच मान्य करतं, हे घडलं होतं. तो भरवसा आपण उसना आणतो आणि कालच्या शूटवर चिकटवतो.

त्या रंगाची मूळ गोष्ट तर अगदी उलटी आहे. डार्करूमच्या काळात सेपिया टोनिंग व्हायचं त्याचं एक मोठं कारण टिकाऊपणा हे होतं. कागदावरच्या चांदीचं सिल्व्हर सल्फाइड झालं की प्रिंट लवकर खराब होत नाही. नातवंडांनी बघावा म्हणून तो रंग. आपला सेपिया एका बोटानं लागतो, आणि फोटो फोन बदलेपर्यंत टिकला तरी पुष्कळ.

‘पण ही गंमत आहे, खरं कोण मानतं?’ असं कुणी म्हणेल. खोट्या चित्राची किंमत आपण आधीही मोजली आहे. शिवाजी महाराजांचं म्हणून एक चित्र कित्येक वर्षं पुस्तकांत आणि भिंतींवर होतं. ते भलत्याच माणसाचं होतं. इतिहास संशोधक वा. सी. बेंद्रे यांनी ते दाखवून दिलं आणि महाराजांचं डच संग्रहातलं जुनं चित्र लोकांपुढे आणलं. चूक छापायला एक दिवस लागतो, काढायला एका संशोधकाची उमर. आजही ‘राणी लक्ष्मीबाईंचा दुर्मिळ खरा फोटो’ व्हॉट्सॲपवर अधूनमधून येतो. त्याला धड पुरावा नाही, पण तपकिरी आहे म्हणून फॅमिली ग्रुपवर हात जोडलेल्या इमोजींचा पाऊस पडतो. उद्या तुमच्या मित्राचा ड्रेपरीतला फोटो नाव-तारीख गळून, भलतंच कॅप्शन लागून, त्याच ग्रुपवर ‘१८५७चा मराठा सैनिक’ म्हणून आला तर नवल वाटू देऊ नका.

बरं, आपण ज्या जुन्या फोटोंची नक्कल करतो ते तरी कुठे सरळ होते?

मुंबईत बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली १८५४ साली. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. त्याच काळात मुंबईत काम करणाऱ्या विल्यम जॉन्सन या इंग्रज फोटोग्राफरनं मुंबईतल्या जाती-जमातींच्या फोटोंचे खंड काढले, १८६३ आणि १८६६ साली. त्यात माणसांचे फोटो एकीकडे काढलेले आणि मागचे देखावे दुसरीकडचे. दोन्ही जोडून एक चित्र तयार केलेलं. तुमच्या ॲपमधलं ‘चेंज बॅकग्राउंड’ तेव्हाही होतं, फक्त कात्रीनं.

मग आलं ‘द पीपल ऑफ इंडिया’. आठ खंड, १८६८ ते १८७५. सत्तावन्नच्या उठावानंतर राज्यकर्त्यांना आपली रयत ओळखून ठेवायची होती. फोटोखाली जात, धंदा, ठिकाण. सोबतच्या मजकुरात कुठली जमात भरवशाची आणि कुठली नाही याचे शेरे. बहुतेक माणसांना नावच नाही. समोर बसलेला माणूस हा माणूस नव्हताच, तो नमुना होता.

हे फक्त गोऱ्यांनी केलं म्हणून आपली सुटका होत नाही. भाऊ दाजी लाड यांचे धाकटे भाऊ नारायण दाजी हे डॉक्टर आणि उत्तम फोटोग्राफर. त्यांनीही जातींचे आणि धंद्यांचे असे फोटो काढले. फोटोग्राफरचं नाव आज आपल्याला माहीत आहे. समोरच्याचं नाव विचारावं असं तेव्हा कुणाला वाटलं नाही.

आता इन्स्टावरच्या त्या फोटोकडे परत बघा. फोटोग्राफरचा वॉटरमार्क आहे. माणसाच्या जागी ‘मावळा’ आहे. दीडशे वर्षांत कॅमेरा बदलला, कागदाचा स्क्रीन झाला, हिशेब तोच राहिला. ज्याच्या हातात यंत्र त्याला नाव, ज्याचा चेहरा त्याला लेबल.

अमेरिकेतलं एक उदाहरण इथे नीट बघण्यासारखं आहे. एडवर्ड कर्टिस हा तिथल्या आदिवासींचे फोटो काढणारा सर्वांत गाजलेला माणूस. १९०७ ते १९३० या काळात त्याचे वीस खंड निघाले, सगळे तपकिरी. आज ‘विंटेज’ म्हणून जे विकलं जातं त्यात त्याचा वाटा मोठा आहे. हे लोक आता नाहीसे होणार, असं त्यानं ठरवूनच टाकलं होतं. म्हणून जुने कपडे घालायला लावायचे, जुने विधी करून दाखवायला लावायचे, नवं काही दिसलं की पुसायचं. त्याच्या एका प्रसिद्ध फोटोत तंबूमध्ये बसलेल्या दोन पुरुषांच्या मधे गजराचं घड्याळ होतं. छापलेल्या फोटोतून ते गायब केलं. जिवंत माणसांच्या घरात घड्याळ असतं, आणि त्याला जिवंत माणसं नको होती.

आपल्याकडच्या शूटवर कधी उभे राहा. “भाऊ, घडी काढ. तो हातातला धागा आत कर. मोबाईल काढून ठेव, अंगरखा फुगते.” तेच घड्याळ, तोच हात.

पण कर्टिसनं एक गोष्ट बरोबर केली. घड्याळ पुसलं तरी बऱ्याच माणसांची नावं लिहून ठेवली. त्या तंबूतले दोघे म्हणजे लिटल प्लूम आणि त्याचा मुलगा यलो किडनी. आज त्या जमातींमधली मुलं कर्टिसचे फोटो उघडतात ती तपकिरी रंगासाठी नाही. आपला खापरपणजा कसा दिसायचा, हे बघायला उघडतात. सगळा बनाव वजा केल्यावर त्या फोटोत जे उरलं ते एका नावामुळे उरलं.

आता आपल्या गावाकडे येऊ. धनज घ्या. वाशीम जिल्हा, कारंजा तालुका. सोयाबीन, तूर, कापूस. पुण्या-कोल्हापुरातले शूट सगळ्यांना दिसतात, म्हणून मुद्दाम हे गाव. कारण शिवजयंतीची मिरवणूक इथेही निघते, तालुक्याच्या ठिकाणाहून ड्रेपरी भाड्यानं इथेही येते, आणि कॅमेरा घेतलेला एखादा हौशी पोट्टा आता प्रत्येक गावात असतो.

अशा गावातल्या घराच्या भिंतीवर कुठले फोटो असतात? देवांचे, महापुरुषांचे, लग्नातला एखादा, आणि गेलेल्या माणसाचा. हा शेवटचा फोटो नीट बघा. पुष्कळदा तो रेशन कार्डाचा नाहीतर आधारचा पासपोर्ट फोटो असतो, मोठा केलेला. चेहऱ्याचे कण फुटलेले. स्टुडिओवाल्यानं कॉम्प्युटरवर अंगात निळा कोट चढवलेला, टाय लावलेला, मागे आकाशी पडदा. ज्यानं जन्मात कोट घातला नाही तो माणूस मेल्यावर कोटात. म्हणजे वेशातल्या पोर्ट्रेटची परंपरा आपल्या घराघरात आहेच. फक्त ती मेल्यावर सुरू होते, कारण जिवंतपणी त्या माणसाचा एक धड फोटो कुणी काढलेला नसतो.

हा नुसता हळवेपणा नाही. २००६ साली पंतप्रधानांनी शेतकरी आत्महत्यांसाठी विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांना पॅकेज जाहीर केलं, त्यात वाशीम होता. त्या वर्षांत वर्तमानपत्रांत एकच चित्र पुन्हा पुन्हा छापून आलं. दारात बसलेली बाई आणि तिच्या हातात फ्रेम केलेला नवऱ्याचा फोटो. देशानं वऱ्हाडातला शेतकरी पाहिला तो असा, फोटोतल्या फोटोत आणि मेल्यानंतर.

म्हणून ड्रेपरीतल्या त्या पोराबद्दल माझा प्रश्न साधा आहे. मावळ्याच्या वेशात त्याचे दोनशे फोटो निघतात. प्रकाशाची वेळ साधून, चेहरा नीट बसवून, हनुवटी खाली-वर करून. सोयाबीन सोंगून आलेल्या त्याच पोराचा, त्याच प्रकाशात, तितक्याच मन लावून काढलेला एक फोटो आहे का? त्याच्या मायचा आहे का? नसेल तर आपण त्याला सांगतोय की बाबा, तू बघण्यालायक आहेस तो भाड्याच्या मखमलीत. तुझ्या रोजच्या अंगावर कॅमेरा कशाला खर्च करायचा?

पोहरादेवीची यात्रा वाशीमपासून लांब नाही. बंजारा समाजाचं ते मोठं श्रद्धास्थान. तिथे फेटिया-कांचळी घातलेल्या म्हाताऱ्या बाया दिसल्या की कॅमेरे धावतात. आरशांचं काम, केसांतली चांदी, चेहऱ्यावरच्या सुरकुत्या, वर सेपिया. त्या बाईनं कुठलाही वेश केलेला नाही, ते तिचे कपडे आहेत. ती आज, या वर्षी, एसटीनं आली आहे आणि तिच्याकडे फोन आहे. तरी तिला तपकिरी करून आपण इतिहासजमा करतो. ती हयात असताना तिच्या फोटोवर जुनेपण चढवणं हा सौंदर्याचा प्रश्न आहे असं मला वाटत नाही. तिच्याशी बोलायचं टाळण्याची ती सोय आहे. भूतकाळातल्या माणसाला नाव विचारावं लागत नाही.

यावर जे सांगितलं जातं ते मी ऐकून आहे.

पहिलं म्हणजे, यामुळे पोरं इतिहासाकडे वळतात. वळत असतील तर आनंदच आहे. पण कुठल्या इतिहासाकडे? कारंज्याचंच बघा. १६७०च्या अखेरीस महाराजांच्या फौजेनं मोगली वऱ्हाडातलं हे श्रीमंत पेठेचं गाव लुटलं. सोनं, चांदी, उंची कापड बैलांवर आणि गाढवांवर लादून नेलं. जदुनाथ सरकारांनी लिहिलंय की गावातले धनिक पकडले गेले, पण सगळ्यात बडा सावकार बाईच्या वेशात निसटला. महाराजांचे लोक बाईला हात लावत नाहीत, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. एका वेषांतरात मोगली वऱ्हाडाची श्रीमंती, स्वराज्याची गरज आणि महाराजांची शिस्त, तिन्ही आहेत. आपल्या तालुक्याची, कागदावरची गोष्ट. लुगडं नेसलेला सावकार, लादलेला बैल, हिशेब लिहिणारा कारकून, यांच्यावर शूट का होत नाही? कारण आपल्या डोक्यातला मावळा इतिहासातून आलेलाच नाही. तो भालजी पेंढारकरांच्या सिनेमातून, ‘जाणता राजा’तून आणि टीव्हीच्या मालिकांतून आलाय. तो छान दिसतो, बस्स. त्याला इतिहासाची आवड म्हणू नका.

दुसरं, जुन्या स्टुडिओतही कोट, छडी, घड्याळ, पुस्तक ठेवलेलं असायचंच की. खरं आहे. मागे रंगवलेला जिना, ताजमहाल, कुंडीतली कागदी फुलं. लोक उसन्या कोटात बसायचे आणि त्यात काही वावगं नव्हतं. पण तिथे माणूस आपल्या पायानं जायचा, आपले पैसे द्यायचा, कसं दिसायचं ते बऱ्यापैकी आपण ठरवायचा आणि प्रिंट घरी न्यायचा. कोट स्टुडिओचा असला तरी फोटो त्याचा असायचा. आज वेश आयोजकांचा, पोझ फोटोग्राफरची, फोटो पेजचा. पोराला स्टोरीत मेन्शन मिळालं तर मिळालं, आणि स्टोरी चोवीस तासांत उडते.

तिसरा मुद्दा सगळ्यात वजनदार आहे. वर्षभर राबणाऱ्या पोराला एक दिवस ताठ मानेनं उभं राहायला मिळतं, ते कशाला हिरावता? मी काहीच हिरावत नाही. त्याची ताठ मान खरी आहे, अंगरखा भाड्याचा असला तरी. उलट ती ताठ मान कोणाची, हे लिहून ठेवा असंच मी म्हणतोय. ‘मावळा’ लिहिलंत तर ती कुणाचीच राहत नाही. पुढच्या वर्षी त्याच अंगरख्यात दुसरा पोरगा उभा राहील आणि फरक कुणाला कळणार नाही.

वेशातलं पोर्ट्रेट डोळे उघडणारंही असू शकतं. बंगळूरच्या पुष्पमाला एन. यांनी फोटोग्राफर क्लेअर आर्नी यांच्यासोबत २००० ते २००४ या काळात दक्षिण भारतीय स्त्रियांच्या गाजलेल्या प्रतिमा स्वतःच्या अंगावर पुन्हा उभ्या केल्या. रविवर्म्याची लक्ष्मी होती, सिनेमातली नायिका होती, आणि ब्रिटिश काळात शरीरं मोजायला मागे चौकटींचा पडदा लावून काढलेला आदिवासी बाईचा फोटोही होता. वेश तोच, पोझ तीच. पण बघताना कळतं की त्या बाईला तिथे कुणी, कशासाठी उभं केलं होतं. तिथे नक्कल प्रश्न विचारते. आपल्या शूटमध्ये ती फक्त रंग विचारते, सेपिया की फेडेड?

आणि आता तो रंगही फुकट झालाय. २०२५च्या सप्टेंबरात जेमिनीवर विंटेज साडीच्या फोटोंची लाट आली तेव्हा तुम्हीही एखादा करून पाहिला असेल. सेल्फी टाका, दोन ओळी लिहा, जुन्या सिनेमातल्यासारखं पोर्ट्रेट हजर. ना साडी लागली, ना पडदा, ना फोटोग्राफर. जुना दिसणारा फोटो बनवणं ही जर कला असेल तर ती यंत्रानं केव्हाच घेतली. अमुक माणूस अमुक दिवशी अमुक गावात माझ्यासमोर उभा होता, हे मात्र यंत्र सांगू शकत नाही. ते फक्त तिथे हजर असलेला फोटोग्राफर सांगू शकतो. म्हणजे आज फोटोग्राफरकडे विकण्यासारखी उरलेली एकमेव गोष्ट नेमकी तीच आहे, जी तो कॅप्शनमधून गाळतो.

म्हणून जे कॅमेरे घेऊन फिरतात त्यांच्याकडे माझ्या मागण्या तीनच आहेत. तिन्हींना पैसा जवळपास लागत नाही.

पहिली, नाव लिहा. त्याला विचारून लिहा आणि तो म्हणेल तसं लिहा. नाव, गाव, काम, तारीख. ‘मावळ्याच्या वेशात’ हे त्यानंतर. कुणाला नाव नको असेल तर तो त्याचा हक्क, पण विचारल्याशिवाय गाळू नका.

दुसरी, प्रिंट द्या. एक चार बाय सहा. फाइल व्हॉट्सॲपवर दाबून जाते, फोन हरवतो, पेज बंद पडतं. भिंतीवरचा कागद राहतो. मागे पेन्सिलीनं नाव आणि तारीख लिहायला विसरू नका.

तिसरी, वेशातला फोटो झाला की ड्रेपरी उतरवल्यावर दुसरा काढा. तीच जागा, तोच प्रकाश, तेवढीच मिनिटं. त्याच्या टी-शर्टात, त्याच्या घड्याळासकट, हातातल्या धाग्यासकट. रंग जसे आहेत तसे. शक्य असेल तर त्याच्या मायला बोलवा आणि तिचाही काढा, ती ‘मायं काय काढतं?’ म्हणेल तरी.

आणि जे वेश घालून उभे राहतात त्यांनी हे तिन्ही हक्कानं मागावं. फोटोग्राफर म्हणाला, “भाऊ, घडी काढ,” तर पहिल्या फोटोला जरूर काढा. दुसऱ्याला मात्र सांगा, “आता राहू दे.” शंभर वर्षांनी धनजमध्ये एखादं पोरगं आपल्या पणजोबाला शोधत बसलं, तर त्याला मखमलीतले हजार मावळे सापडतील आणि त्यातला आपला कोणता ते कळणार नाही. घड्याळ घातलेला, नाव लिहिलेला एक फोटो सापडला तर तेवढ्यावर त्याचं काम होईल.